शैलामावशीचं गोदाम

खबर आली तेव्हा मी जळगावला होते, आईकडे. आदल्या संध्याकाळीच धुळ्याच्या दवाखान्यातून आले होते. मावशीचा दुसरा चष्मा आणि धुतलेले कपडे घेऊन परत जायचं होतं. पिशवी दारात भरून ठेवलेली होती. फोनवर आई फक्त "हो... हो..." म्हणत राहिली. फोन ठेवला, गॅसपाशी गेली, उकळी आलेला चहा बंद केला आणि म्हणाली, "शैला गेली." मग ओट्याला टेकून तशीच उभी राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "तिला गोदामात न्यायचंय. तिनेच सांगून ठेवलं होतं." आणि त्यानंतर, अगदी हळू, माझ्याकडे न बघता, "आबांचं काय गं? ते आत येतील?"

मुलीला शेवटचं बघायला बाप घरात येईल की नाही, हा प्रश्न कोणालाही विचित्र वाटेल. आमच्या घरात तो कोणालाच विचित्र वाटला नसता. अमळनेरचं जे कापसाचं गोदाम शैलामावशीने लोकांना राहण्याजोगं केलं, ज्याच्या एका भागात ती स्वतः शेवटची दोनेक वर्षं राहिली, त्याच गोदामाची राखण आबांनी उभं आयुष्य केली होती. आणि तिथे घरं झाल्यापासून, तिथे स्वयंपाक व्हायला लागल्यापासून, त्यांनी उंबरठा ओलांडला नव्हता. भांडण नव्हतं. अबोलाही नव्हता. रोज संध्याकाळी ते काठी टेकत गोदामाच्या ओट्यापर्यंत येत आणि ओट्यावरूनच परत जात. त्यांनी एकदा आत यावं, एवढीच मावशीची इच्छा होती. ती तिने मला बोलून दाखवली होती. आबांना कधीच नाही.

शैलामावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. धुळ्यात तिचं वास्तुविशारदाचं छोटंसं ऑफिस होतं. लग्न केलं नाही. बंगले, शाळांच्या इमारती, एखादं मंगल कार्यालय अशी कामं ती करायची, आणि त्या कामांबद्दल विचारलं तर, "चाललंय" एवढंच म्हणायची. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना सुट्टीत तिने मला अमळनेरला नेलं, टेप धरायला म्हणून. मला फारसं बोलता येत नाही आणि मापं घेताना बोलावं लागत नाही, हे तिने हेरलं असावं. स्टँडवरून आम्ही चालतच गेलो. रेल्वे रुळांच्या अलीकडे एक लांबच लांब भिंत लागली. आजोळी येताना ती मी लहानपणापासून पाहत आले होते. तिच्यावर सिनेमाची पोस्टरं असत, निवडणुकीच्या घोषणा असत. भिंतीच्या आत काही असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

पत्रा मारलेलं जाड दार दोन माणसांनी रेटून उघडलं. आत आधी काही दिसलं नाही. फक्त गारवा जाणवला, बाहेर ऊन मी म्हणत असताना... आणि एक वास, जुन्या तेलाचा, सरकीचा. "खाली बघू नकोस," मावशी म्हणाली. "वर बघ." मी वर बघितलं. त्या वेळी मला काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. शाळेच्या सहलीत आम्ही लेणी पाहिली होती, पण तिथे मुद्दाम बघायला म्हणून गेलो होतो. इथे आपल्याच गावातल्या पोस्टरांच्या भिंतीमागे एवढी उंची लपलेली होती. एकामागे एक, एकामागे एक सागवानी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे लाकडी त्रिकोण, पार दुसऱ्या टोकापर्यंत गेलेले. एकेक तुळई अशी, की माझ्या दोन्ही हातांच्या कवेत आली नसती. कौलांच्या फटींतून उन्हाच्या काठ्या खाली उतरल्या होत्या आणि त्या उन्हात कापसाचे तंतू तरंगत होते. गोदाम बंद होऊन इतकी वर्षं झाली होती, तरी दार उघडताच वाऱ्याने कैच्यांवरचा कापूस जागा झाला होता. आम्ही आत होतो तोवर तो खाली येतच राहिला. मावशीच्या केसांवर, टेपवर, माझ्या वहीवर. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मी पण पहिल्यांदाच आत आलेय."

मला ते खरं वाटेना. आबा इथे नोकरीला होते आणि ही कधी आत आली नाही? मग मापं घेता घेता तिने सांगितलं. मोसमात, जिनमधून, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातून, कापसाच्या गाठी यायला लागल्या की आबा जेवायला घरी येत नसत. ती शाळेतून येऊन त्यांचा डबा घेऊन जायची. पण उंबरठ्याच्या आत पोरांना मज्जाव होता. डबा ओट्यावर ठेवायचा आणि दारातून बघत उभं राहायचं. आतला अंधार, अंधारातल्या उन्हाच्या काठ्या, आणि त्या काठ्यांमधून कधी दिसणारे, कधी नाहीसे होणारे आबा. "लोक विचारतात, आर्किटेक्ट का झालीस," ती म्हणाली. "मला त्या दाराच्या आत जायचं होतं, बस."

आबांची नोकरी एका वाक्यात सांगायची तर विस्तव आत येऊ न देणं. गोदामाच्या दाराशी ते बसत. हमाल असो, गाडीवान असो, नाहीतर खुद्द शेठ, आत जाणाऱ्याने बिडी-काडी त्यांच्यापाशी काढून ठेवायची. विजेची तारसुद्धा त्या छपराखाली नव्हती. उजेड असेल तोवर काम, दिवस मावळला की दार बंद. लक्ष्मीपूजनाची पूजा आत न होता ओट्यावर व्हायची, आणि निरांजन विझल्याची खात्री करूनच आबा घरी जायचे. कापसाची आग ही आपण समजतो तशी नसते, हे मला मावशीकडून कळलं. दाबून बांधलेल्या गाठीत ठिणगी गेली तर ती भडकत नाही. आतल्या आत धुमसत राहते. धूर नाही, ज्वाळा नाही, आणि मग एक दिवस सगळं एकदम. म्हणून आबा रोज गाठींच्या रांगांमधून फिरायचे आणि प्रत्येक गाठीला तळहात लावून बघायचे, ताप आलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. तरुणपणी त्यांनी शेजारचं गोदाम जळताना पाहिलं होतं. त्याबद्दल ते कधीच बोलले नाहीत. मावशीला ते तिच्या आईकडून कळलं होतं.

त्यामुळे या इमारतीतली प्रत्येक गोष्ट कापसाच्या सोयीची होती. ओटा बैलगाडीच्या साटीएवढा, गाडीच्या तळाच्या फळ्यांएवढा उंच, म्हणजे गाठ उचलावी लागू नये, नुसती लोटली की आत. माणसाच्या उंचीवर एकही खिडकी नाही. झरोके होते ते एकदम वर, छपराला लागून, आणि एकदम खाली, जोत्यात. खालून गार हवा आत यायची, तापून वर जायची, वरच्या झरोक्यांतून बाहेर पडायची. भिंती हातभर जाडीच्या, आतून चुन्याने इतक्या घोटलेल्या की बोट फिरवलं तर सरकत जावं. "इथे माणसाचा विचारच केलेला नाही," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, उलट मानच होता. "कापसाला काय हवं? कोरडी जमीन, खेळता वारा, आणि विस्तव लांब. ते सगळं दिलंय. आता बघायचं, कापसाला मानवलं ते माणसाला मानवतं का."

गोदाम विकत घेतलेल्या योगेशभाऊंना मात्र हे काही बघायचं नव्हतं. ते अमळनेरचेच बिल्डर, बोलायला गोड आणि आवाजाला मोठे. त्यांना जागा हवी होती. सागवान विकायचं, दगड विकायचा आणि सहा मजली उभं करायचं असा त्यांचा बेत होता. मावशीने त्यांच्याशी वाद घातला नाही. मे महिन्यात एका दुपारी तिने त्यांना गोदामात बसवलं, समोर ताक ठेवलं आणि स्वतः आपली मापं घेत बसली. योगेशभाऊ फोनवर बोलले, मग फोन खाली ठेवून नुसतेच बसले, मग खुर्चीत त्यांचा डोळा लागला. उठले तेव्हा ऊन कललं होतं. "ताई, आठे एसी शे का?" इथे एसी आहे का, त्यांनी विचारलं. मावशी म्हणाली, "तोच पाडायला निघालात." पुढची बोलणी तिथून सुरू झाली. त्यांनी एक गोष्ट मात्र सोडली नाही, ती म्हणजे इमारतीचं नाव. 'रॉयल कॉटन हाइट्स' असा बोर्ड त्यांनी लावलाच. त्या नावाने आजवर एकही कुरियरवाला आलेला नाही. सगळं गाव गोदामच म्हणतं. गोदामातल्याच आमच्या शेजारच्या वर्षाताई शिक्षिका आहेत. त्या सांगतात, "सासूबाई पहिल्यांदा आल्या आणि नातेवाइकांना फोन करून म्हणाल्या, पोराने मला गोदामात आणून टाकलं."

मावशीने गोदामाचे खण पाडले. दोन कैच्यांमधली जागा म्हणजे एक खण, आणि एक खण म्हणजे एक घर. प्रत्येक घरात उभं राहून वर बघितलं तर छप्पर दिसलंच पाहिजे, अशी तिची अट होती. कोणी स्लॅब मागितला, कोणी फॉल्स सीलिंग मागितलं. एका गृहस्थांनी तर मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमच्या मॅडमला पंखा कुठे लावायचा ते तरी माहीत आहे का?" तिने कोणाला काही समजावलं नाही. ती लोकांना आत उभं करायची आणि गप्प राहायची. काही जण तसेच निघून जायचे. काही जणांची मान वर जायची आणि वरच राहायची... ते परत यायचे.

तिचं चुकलंही. जोत्याच्या खाली पोकळी आहे हे तिला नकाशात दिसलं होतं. विंचूकाट्याची भीती म्हणून पहिल्या काही खणांखाली तिने मुरूम भरून घेतला. इथे नवीन घर बांधणारा कोणीही जोतं भरूनच घेतो, पोकळ जमिनीवर संसार मांडायची कल्पना कोणाला सहन होत नाही. मलाही त्यात वावगं वाटलं नाही. उन्हाळा आला. एका दुपारी मावशी रस्त्याच्या पलीकडे रसवंतीवर बसून गोदामाकडे बघत होती. भिंतीला लागून गावातली कुत्री झोपलेली होती, जोत्याच्या झरोक्यांना नाकं लावून. सगळ्या झरोक्यांशी नाही. भरून घेतलेल्या खणांसमोर एकही कुत्रं नव्हतं. तिने रसाचा ग्लास तसाच ठेवला आणि उठली. दुसऱ्या दिवशी एका न भरलेल्या खणाची फरशी काढून ती खाली उतरली, मागोमाग मला उतरवलं. पोटावर सरकत जावं लागत होतं. बॅटरीच्या उजेडात बघते तर कमानी. विटांच्या, बसक्या, एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, उजेड पोचत नव्हता तिथवर. अख्खं गोदाम या कमानींच्या पाठीवर उभं होतं, म्हणजे कापसाला खालून ओल लागू नये. या कमानी कोणाला दिसणारच नव्हत्या. कोणी बघायला येणार नव्हतं. तरी प्रत्येक वीट रेषेत होती. त्या गार वाऱ्यात आम्ही दोघी पालथ्या पडून राहिलो. वर मे महिना होता. मावशी म्हणाली, "किती मूर्ख आहे मी." आणि हसायला लागली. तिचं हसू कमानींमधून लांबवर फिरून आलं. भरलेला सगळा मुरूम तिने काढायला लावला. योगेशभाऊ आठवडाभर तिच्याशी धड बोलले नाहीत.

मग स्वयंपाकघरांचा प्रश्न आला, आणि आबांचा. नकाशे घेऊन ती त्यांच्या खोलीवर गेली. आबा तेव्हा आणि आताही स्टेशनजवळच्या दोन खोल्यांत राहतात, त्यांच्या भाच्याच्या कुटुंबाच्या शेजारी. तिने नकाशा पसरला, घरं दाखवली. आबांनी प्रत्येक खणावर बोट ठेवून विचारलं, "आठे काय?" ती सांगत गेली, बैठक, झोपायची खोली. एका ठिकाणी ती थांबली. आबांचं बोट तिथेच राहिलं. "चूल?" त्यांनी विचारलं. मावशी हो म्हणाली. त्यांनी बोट उचललं आणि नकाशाची गुंडाळी करायला तिला मदत केली. रागाचा एक शब्द नाही. धुळ्याला परत येताना एसटीत ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "आयुष्यभर ज्या माणसाने तिथे काडी ओढू दिली नाही, त्याच्याच मुलीने तिथे घरोघर शेगडी मांडायची."

तिने सगळे नकाशे बदलले. मागच्या बाजूला, जिथे पूर्वी रेल्वेचे डबे लागत, तिथे एक लांब फलाट होता. सगळी स्वयंपाकघरं तिने त्या फलाटावर नेली. जुनी जाड भिंत मध्ये ठेवली आणि वर वेगळं, बुटकं छप्पर घातलं. मूळ छपराखाली विस्तव नाही. घरं घेणाऱ्यांना तिने सांगितलं की अशाने उष्णता घरात शिरत नाही, आणि ते खरंही होतं. पण एवढी सगळी फेरआखणी एका माणसासाठी होती हे मला माहीत होतं. काम पुरं झाल्यावर तिने हे आबांना सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "भित तं तीच शे ना." भिंत तर तीच आहे.

धुळ्याचं ऑफिस बंद करून ती तिथे राहायला आली, टोकाच्या खणात. मी तिच्याबरोबर होते. गृहप्रवेशाचं दूध मागच्या स्वयंपाकघरात उतू गेलं तेव्हा आबा पुढच्या ओट्यावर बसलेले होते. बाकीच्या घरांतले लोक देवापुढे काय लावतात, काय नाही, हे आबा विचारत नसत. पण मावशीने आपल्या खणात, त्या मोठ्या छपराखाली, कधी उदबत्तीसुद्धा लावली नाही. रोज संध्याकाळी आबा यायचे. ती बाहेर जाऊन त्यांच्या शेजारी ओट्यावर पाय सोडून बसायची. चहा टपरीवरून यायचा. मी दारात उभी असले की आबा म्हणायचे, "काय वं इंग्रजी शाळावाली, आज तरी बोलशी का नही?" मी हसायचे. त्यांची अहिराणी मला सगळी कळते, तोंडातून मात्र येत नाही. एकदा मावशी चहा सांगायला गेली असताना मी धीर करून विचारलं, आबा, तुम्ही आत का येत नाही? त्यांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. "आत उनू का मन्हा हात ऱ्हात नही, बेटा." मग थांबून, थोडं शुद्ध बोलत त्यांनी मला समजावलं. आत आलो तर मी घरोघर फिरत बसेन. प्रत्येक भिंतीला, प्रत्येक बटणाला हात लावून बघेन. लोक हसतील. शैलाला खाली बघावं लागेल. शिवाय इतकी वर्षं ज्या विस्तवाला आत येऊ दिलं नाही, तो आता तिथे राहतो... मग मी कशाला जाऊ?

हे मी मावशीला त्याच रात्री सांगितलं. ती बराच वेळ वर कैच्यांकडे बघत राहिली. म्हणाली, "हसू देत की. मला चाललं असतं."

आजार कळला तेव्हा बराच पुढे गेलेला होता. शेवटच्या महिन्यांत तिला ओट्यापर्यंत जाणं जमेना. मग तिची खाट दाराशी आणली. ती उंबरठ्याच्या आत, आबा उंबरठ्याच्या बाहेर. फार बोलत नसत. कपाशीला काय भाव फुटला, योगेशभाऊंनी आता कोणती जागा घेतली, असलं काहीतरी. एकदा मी बघितलं, बोलता बोलता आबांनी हात लांब करून तिच्या कपाळाला तळहात लावला आणि तसाच ठेवला. पाय बाहेरच होते. धुळ्याला नेण्याच्या आदल्या दिवशी मी तिची बॅग भरत होते. ती म्हणाली, "मला परत इथेच आणा." मी मान हलवली. मग म्हणाली, "आबांना कोणी ओढून आत आणायचं नाही. त्यांना वाटलं तर."

आम्ही तिला आणलं. दुपार होती. तिच्या खणाच्या मधल्या मोकळ्या जागेत, छपराच्या बरोबर खाली तिला ठेवलं. गर्दी झाली, योगेशभाऊ भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडत होते. आबा ओट्यावर होते. उठलेच नाहीत. तिला बाहेर आणलं तेव्हा त्यांनी ओट्यावरूनच हात जोडले. आईने त्यांच्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. तिला काय वाटलं असेल ते मला कळलं, पण मावशीने सांगितलेलं मला आठवत होतं. मी आईचा हात धरून ठेवला.

स्मशानातून सगळे परतले. तिन्हीसांज होत होती. तिला ठेवलं होतं त्या जागी आईने पीठ पसरलं, त्यावर पणती ठेवली, दक्षिणेकडे वात केली आणि दिवा लावला. दहा दिवस हा दिवा जपायचा असतो. तो विझला. आईने परत लावला. परत विझला. वर्षाताईंनी दार लोटून घेतलं, कोणी टोपली आडवी धरली. तरी ज्योत एकदा लवली आणि गेली. वारा दारातून येतच नव्हता. तो जमिनीतून येत होता आणि छपराकडे जात होता. मावशीने मुरूम काढून मोकळा केलेला तोच वारा. तिची इमारत आपलं काम चोख करत होती, आणि तिचा दिवा त्यात टिकत नव्हता. बायका आपसांत कुजबुजायला लागल्या.

दार उघडल्याचा आवाज झाला. आबा उंबरठ्यात होते. त्यांनी चपला काढल्या. काठी दाराला टेकवून ठेवली. आणि आत आले.

त्यांनी छपराकडे बघितलं नाही, आमच्याकडेही नाही. तळहात पुढे धरून, भिंतीच्या कडेकडेने, अंधारात चालल्यासारखे ते निघाले. मध्येच हात खाली घेत, मध्येच वर. उत्तरेच्या भिंतीला दगडी खांब मिळतो त्या कोपऱ्यापाशी ते थांबले, गुडघ्यांवर बसले आणि जमिनीपासून वीतभर हात धरून राहिले. त्या वेळी मला वाटलं, सबंध गोदाम त्यांच्याकडे कान लावून आहे.

"आठे," ते म्हणाले. "आठे वारा नही."

आईने पीठ तिथे पसरलं. पणती ठेवली. आबांनी मान न वळवता माझ्याकडे हात पसरला. "काडी दे."

दिवा त्यांनी स्वतः लावला. ज्योत उभी राहिली. सरळ, जरासुद्धा न हलता. त्यांनी दोन्ही हात तिच्याभोवती धरले होते, मग हळूच एक काढला, मग दुसरा. ती तशीच राहिली.

पुढे त्यांनीच मला सांगितलं की त्या कोपऱ्याची त्यांना सगळ्यात जास्त धास्ती असे. वारा पोचत नाही तिथे कापसाचं पिंजर, सुटे तंतू, उडून साचतं, आणि साचलेल्या पिंजरात ठिणगी पडली तर कोणाला न दिसता जगते. म्हणून दार लावण्याआधी त्यांचा शेवटचा हात रोज त्या कोपऱ्याला लागायचा. इतकी वर्षं ज्या जागेत त्यांनी विस्तव जगू दिला नाही, तिथेच दहा दिवस त्यांनी तो जगवला. घरी गेले नाहीत. भिंतीशी सतरंजी टाकून बसून राहिले. तेल कमी होऊ देत नव्हते, काजळी धरली की वात पुढे सारत होते. आईने मागच्या स्वयंपाकघरातून चहा आणून दिला, तो त्यांनी काही न विचारता घेतला. लोकांच्या घरांत मात्र ते फिरले नाहीत. त्यांच्या हाताला त्या दहा दिवसांत दुसरं काम होतं.

आता दीडेक महिना झाला. मी त्याच खणात राहते आहे. आबा स्टेशनजवळच्या खोलीवर परत गेले, पण संध्याकाळी येतात ते आतच येतात. मागच्या आठवड्यात योगेशभाऊंनी सगळ्या गोदामाला आतून चुना द्यायला माणूस पाठवला. आमच्या खणात आल्यावर त्याला तो कोपरा दिसला. घोटलेल्या पांढऱ्या भिंतीवर, पणती होती त्याच्या वर, हातभर उंच काजळीचा पट्टा चढला आहे, खाली रुंद, वर निमुळता होत गेलेला. त्याने ब्रश बुडवला आणि म्हणाला, हे आधी घासून काढावं लागेल. आबा स्टुलावर बसले होते.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

त्याला वाटलं, म्हाताऱ्यांना त्याचे कष्ट वाचवायचेत. दोन हात मारले की जाईल, त्याने समजावलं. आबा नुसते त्याच्याकडे बघत राहिले. मग मी म्हणाले, "ऱ्हाऊ दे, भाऊ. ते तसंच ऱ्हाऊ दे." आबांनी चमकून माझ्याकडे बघितलं. माणसाने खांदे उडवले. सबंध दुपार तो भिंत पांढरी करत होता, आणि आबा स्टूल जवळ ओढून, त्याचा ब्रश त्या पट्ट्याच्या कडेला येऊन थांबतो की नाही, ते बघत बसले होते.